गायब, पण गैरहजर नाही: शिया विचारातला आतला इमाम

मराठीत आपण ‘गायब’ म्हणतो ते जागेवर नसलेल्या वस्तूला. डब्यातले लाडू गायब, खिशातलं पाकीट गायब. शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि वाटेत त्याचा अर्थ थोडा सरकला. मूळ ‘गैब’ म्हणजे जे आहे, पण इंद्रियांच्या टप्प्यात येत नाही. उणीव वस्तूत नाही, पाहणाऱ्याच्या नजरेत आहे. कागलच्या गैबी पिराच्या नावात हा जुना अर्थ अजून टिकून आहे. कुराणाच्या दुसऱ्या सुरेत, तिसऱ्या आयतीत, श्रद्धावंतांची पहिली खूण ‘गैबवर विश्वास ठेवणारे’ अशी सांगितली आहे, आणि शिया परंपरेतल्या काही वचनांत या गैबचा अर्थ ‘नजरेआड असलेले इमाम’ असाच लावलेला आहे.

बारा इमामी (म्हणजे बारा इमाम मानणाऱ्या) शियांची ‘गैबत’, म्हणजे इमामांचं नजरेआड असणं, समजून घ्यायची तर हा जुना अर्थ धरून चालावं लागतं. ‘इमाम गायब आहेत’ हे वाक्य मराठी अर्थाने वाचलं की उरते ती फक्त एका हरवलेल्या माणसाची गोष्ट. मूळ अर्थाने वाचलं की पुढचा सगळा विचार उलगडतो: जो समोर दिसत नाही तो आतून वाट कशी दाखवतो, आणि ती वाट खरी आहे हे ओळखायचं कसं.

आधी घटना

शिया म्हणजे पैगंबर मुहंमद यांच्यानंतर नेतृत्वाचा हक्क त्यांचे जावई अली यांचा, आणि पुढे त्यांच्याच वंशातल्या इमामांचा, असं मानणारे. आपल्याकडे नमाज पढवणाऱ्यालाही इमाम म्हणतात. इथे त्या शब्दाचं वजन फार मोठं आहे. शियांसाठी इमाम म्हणजे ईश्वराने नेमलेला, चुकीपासून राखलेला आणि कुराणाचे बाहेरचा व आतला असे दोन्ही अर्थ जाणणारा वाटाड्या. बाहेरचा तो जाहिर, आतला तो बातिन.

अकरावे इमाम हसन अस्करी यांचं आयुष्य इराकमधल्या सामर्रा या लष्करी शहरात, अब्बासी खलिफांच्या पहाऱ्यात गेलं. हिजरी २६० साली (इ.स. ८७४) ते वारले तेव्हा त्यांचे चिरंजीव मुहंमद, म्हणजेच बारावे इमाम महदी, जेमतेम पाच वर्षांचे होते. बारा इमामी श्रद्धेनुसार तेव्हापासून ते लोकांच्या नजरेआड आहेत आणि आजही हयात आहेत.

पहिली सुमारे ७० वर्षं संपर्क पूर्ण तुटलेला नव्हता. या काळाला छोटी गैबत म्हणतात. एकामागून एक चार नायब झाले, त्यांच्यामार्फत लोकांची पत्रं आणि देणग्या पोचत, उत्तरं येत. पहिले नायब उस्मान बिन सईद अम्री हे तुपाचा व्यापार करत. त्यावरून त्यांना ‘सम्मान’, म्हणजे तूपवाले, असं नाव पडलं होतं. अकराव्या इमामांच्या काळापासून ते लोकांनी दिलेले पैसे तुपाच्या बुधल्यांत लपवून इमामांच्या घरी नेत, कारण दारावर हेरांची नजर असे. त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा मुहंमद, मग हुसैन बिन रूह नौबख्ती आणि शेवटी अली बिन मुहंमद समरी.

हिजरी ३२९ मध्ये (इ.स. ९४१) समरींच्या हाती शेवटचं पत्र आलं. सहा दिवसांत तुझा मृत्यू होईल, तेव्हा आवराआवर कर. तुझ्या जागी कोणाला नेमू नकोस. आणि सुफयानी नावाच्या शत्रूचा उठाव व आकाशातली हाक या दोन खुणा प्रकट होण्याआधी जो मला पाहिल्याचा दावा करील तो खोटा समजावा. तिथून मोठी गैबत सुरू झाली. ती अजून चालू आहे.

पत्रातली ती तिसरी सूचना लक्षात ठेवा. तिच्याकडे पुन्हा यावं लागणार आहे.

मग उपयोग काय?

हा प्रश्न विरोधकांनी विचारलाच, पण त्याआधी शियांनी तो स्वतःला विचारला. ज्यांना भेटता येत नाही, अडल्यावर काही विचारता येत नाही, त्यांचा आधार कसा वाटावा?

सर्वांत जुनं उत्तर एका उपमेत आहे. पैगंबरांचे सोबती जाबिर बिन अब्दुल्ला अन्सारी यांनी हाच प्रश्न केला तेव्हा पैगंबर म्हणाले, ढगांनी झाकलेल्या सूर्याचा लोकांना जसा उपयोग होतो तसा. दुसऱ्या नायबामार्फत इसहाक बिन याकूब यांना आलेल्या पत्रातही हीच उपमा आहे. कोकणात श्रावणाआधीच्या पावसात आठ-आठ दिवस सूर्यबिंब दिसत नाही. तरी दिवस उजाडतो, खाचरात भात वाढतं, आणि कोणी ‘सूर्य संपला’ म्हणत नाही.

सतराव्या शतकात इस्फहानचे विद्वान मुहंमद बाकिर मजलिसी यांनी या एवढ्याशा उपमेचे आठ अर्थ मांडले आणि तुमच्यासाठी मी स्वर्गाचे आठ दरवाजे उघडले असं म्हटलं. आठही इथे देत नाही, पण काही पाहण्यासारखे आहेत. एक असा की ढग असला तरी लोक सूर्याची वाट पाहतात, आणि त्या वाट पाहण्यातच त्याचं भान टिकून राहतं. दुसरा असा की उघड्या सूर्याकडे एकटक पाहणाऱ्याचे डोळे जातात. ज्यांची नजर अजून कच्ची आहे त्यांच्यासाठी ढग हीच दया. तिसरा असा की ढग फाटून क्षणभर सूर्य एखाद्याला दिसतोही, शेजारच्याला दिसत नाही.

आठवा अर्थ आमच्या मते सगळ्यांत मोलाचा आहे. मजलिसी म्हणतात, ऊन घरात येतं ते घराला जेवढ्या खिडक्या आणि झरोके असतील तेवढंच, आणि समोरचा आडोसा जेवढा दूर केला असेल तेवढंच. सूर्य सगळ्यांना सारखाच. पण एका घरात लख्ख उजेड, दुसऱ्यात दुपारीही दिवा लावायची पाळी. वासना, हट्ट, जडवादी आसक्ती यांचे पडदे बाजूला करत गेलं की आत येणारा प्रकाश वाढत जातो, आणि शेवटी माणूस असा होतो की जणू उघड्या माळावर उभा आहे, चारही बाजूंनी ऊन. इथे ‘इमाम कुठे लपले आहेत’ हा प्रश्न हळूच फिरतो आणि ‘माझ्या घराला खिडक्या किती’ असा होतो. आतल्या इमामाच्या कल्पनेचं दार हेच.

तेराव्या शतकातले तत्त्वज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ नसीरुद्दीन तूसी यांनी तेच तर्काच्या भाषेत, एका ओळीत सांगितलं: इमामांचं असणं ही एक कृपा, त्यांनी कारभार हाती घेणं ही दुसरी कृपा, आणि त्यांचं नसणं आपल्यामुळे. ‘आपल्यामुळे’ या शब्दावर सगळा भार आहे. दुसरी कृपा अडली म्हणून पहिली थांबत नाही.

विसाव्या शतकात इराणमधल्या कुम शहरातले विद्वान अल्लामा तबातबाई यांनी आणखी एक भेद स्वच्छ केला. कुराणात, एकविसाव्या सुरेत, काही जणांना ‘आमच्या आज्ञेने वाट दाखवणारे इमाम’ केल्याचा उल्लेख आहे. तबातबाई म्हणतात, वाट दाखवण्याचे दोन प्रकार असतात. पंढरपूरचा रस्ता कुठून जातो ते सांगणं हा एक, आणि हात धरून पंढरपूरला नेऊन पोचवणं हा दुसरा (उदाहरण आमचं, भेद त्यांचा). शिकवण देणं, नियम सांगणं हे पहिल्या प्रकारात येतं. त्यासाठी माणूस समोर असावा लागतो. दुसरा प्रकार आतून चालतो. जीवाला त्याच्या टप्प्याटप्प्याने वर नेण्याचं ते काम आहे, आणि त्याला देहाने समोर असण्याची अट नाही. या आतल्या अधिकाराला ‘विलायत’ म्हणतात. गैबतीत अडलं आहे ते समोरासमोरचं शिकवणं. विलायत चालूच आहे.

दोन हुज्जती

‘हुज्जत’ म्हटलं की मराठी माणसाला दुकानदाराशी घातलेली हुज्जत आठवते. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, ज्यापुढे सबब चालत नाही अशी साक्ष. बाराव्या इमामांची एक पदवीच ‘हुज्जत’ आहे. सातवे इमाम मूसा काजिम यांनी शिष्य हिशाम बिन हकम यांना सांगितलेलं वचन दहाव्या शतकातल्या ‘अल-काफी’ या संग्रहाच्या सुरुवातीच्याच भागात आहे: ईश्वराच्या माणसांवर दोन हुज्जती आहेत, एक बाहेरची आणि एक आतली. बाहेरची म्हणजे प्रेषित, पैगंबर आणि इमाम. आतली म्हणजे अक्ल.

या अक्लला नुसती हुशारी समजू नये. हिशोबात पटाईत असलेला लबाड माणूस या अर्थाने अक्लवान ठरत नाही. सहावे इमाम जाफर सादिक यांना ‘अक्ल म्हणजे काय’ असं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं: जिच्यामुळे ईश्वराची उपासना होते आणि स्वर्ग मिळतो ती. आपल्याकडचा ‘विवेक’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो.

याच हिशामचा, तो तरुण असतानाचा एक प्रसंग ‘अल-काफी’त आहे. तो जवळून पाहायला हवा. बसऱ्याच्या मशिदीत अम्र बिन उबैद हे नावाजलेले विद्वान शिष्यांच्या गराड्यात बसले होते. हिशाम कडेला गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, मी परका माणूस, एक विचारू का? मग विचारलं: तुम्हाला डोळा आहे?

अम्र म्हणाले, बाळ, हा काय प्रश्न झाला? दिसतंय ते काय विचारायचं?

माझे प्रश्न असेच आहेत, हिशाम म्हणाला. डोळा आहे, त्याने रंग दिसतात. नाक आहे, वास येतो. तोंड आहे, चव कळते. कान आहे, आवाज येतो. असं एकेक इंद्रिय झालं. मग: तुम्हाला हृदय आहे? आहे. त्याचं काय काम? इंद्रियांना जे जाणवतं त्याची पारख करणं. पण इंद्रियं धडधाकट असताना हृदय कशाला? अम्र म्हणाले, बाळ, इंद्रियांना शंका आली की ती हृदयाकडे जातात. ते निवाडा करतं, शंका फिटते.

तेव्हा हिशाम म्हणाला: तुमच्या हातापायांनासुद्धा ईश्वराने इमामाशिवाय ठेवलं नाही, आणि एवढ्या माणसांना मात्र शंकेत, मतभेदात, कोणाकडे जावं ते न सांगता सोडून दिलं?

अम्र गप्प झाले. मग विचारलं, तू हिशाम का? आणि त्याला जवळ घेऊन आपल्या जागेवर बसवलं.

हा युक्तिवाद मुळात बाहेरच्या इमामांची गरज सिद्ध करायला रचलेला आहे. पण तो उलट्या बाजूनेही वाचता येतो, आणि शिया ज्ञानमार्गी मंडळींनी तसा वाचला: देहात जे स्थान हृदयाचं, ते जगात इमामांचं. हृदय छातीच्या आत असतं, बाहेरून दिसत नाही, आणि तरी प्रत्येक नसेत त्याचंच ठोके देणं चालू असतं. ‘इमामांशिवाय पृथ्वी उरली तर ती खचून जाईल’ हे ‘अल-काफी’तलं वचन या दृष्टीने वाचलं की इमाम म्हणजे फक्त एका पंथाचा पुढारी राहत नाही.

तिसरं वचन या विषयाचा कणा आहे. पाचवे इमाम मुहंमद बाकिर यांनी अबू खालिद काबुली यांना शपथेवर सांगितलं: श्रद्धावंतांच्या हृदयातला इमामांचा प्रकाश भर दिवसाच्या तळपत्या सूर्यापेक्षा उजळ असतो. हे गैबतीच्या फार आधीचं वचन आहे. म्हणजे आतला इमाम ही बाहेरचे दिसेनासे झाल्यावर शोधलेली पळवाट असं म्हणता येत नाही. इमाम समोर बसलेले होते तेव्हाही हृदयातल्या प्रकाशाची भाषा होतीच.

एक बारकावा इथे सुटता कामा नये. हृदय म्हणजेच इमाम असं या वचनांत म्हटलेलं नाही. हृदय ही खिडकी, इमाम हा सूर्य. अक्ल आतली हुज्जत खरी, पण ती बाहेरच्या हुज्जतीची जोडीदार आहे, जागा घेणारी नाही. दोन साक्षीदार एकमेकांची साक्ष तपासतात, तसं.

प्रतीक की माणूस?

गैबतीवर आधुनिक काळात खूप वाचला गेलेला युरोपीय अभ्यासक म्हणजे फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी कोर्बां (१९०३–१९७८). तेहरानमध्ये तबातबाईंबरोबर त्यांच्या वर्षानुवर्षं बैठकी होत. कोर्बांनी बाराव्या शतकातले तत्त्वज्ञ सुहरावर्दी यांचा एक शब्द उचलला: ‘ना-कुजा-आबाद’. फारसीत ‘कुजा’ म्हणजे कुठे. तेव्हा हे झालं ‘कुठेच नसलेलं गाव’. ते काल्पनिक नाही, पण नकाशावरही नाही. डोळ्यांनी दिसणारं जग आणि निव्वळ बुद्धीने कळणारं जग यांच्या मधे एक तिसरं जग आहे, त्याला ‘आलम-ए-मिसाल’ म्हणतात. तिथे रूप असतं, पण जड द्रव्य नसतं. आरशातल्या प्रतिमेला रूप असतं पण वजन नसतं, तसं काहीसं. कोर्बांच्या मते गुप्त इमामांची भेट होते ती याच जगात, आणि गैबतीचा इतिहास पंचांगावर मांडता येत नाही. तो प्रत्येक जीवाच्या आत घडतो.

मांडणी सुंदर आहे आणि अर्धी बरोबर आहे. पण सर्वसामान्य शिया श्रद्धाळू आणि बहुतेक उलेमा यांच्यासाठी इमाम म्हणजे हाडामांसाचा, याच पृथ्वीवर वावरणारा माणूस. ‘अल-काफी’त असंही वचन आहे की इमाम दरवर्षी हजला येतात, लोकांना पाहतात, लोक त्यांना पाहत नाहीत. कायद्याचा आणि न्यायाच्या राज्याचा भाग गाळून फक्त आत्म्यातला इमाम उचलला तर ती शियांची श्रद्धा राहत नाही, वाचकाची आवड होते.

मराठी वाचकाला इथे दोन तुलना सुचतील. एक कल्कीची: शेवटी येणार, अन्याय संपवणार. ही अर्धीच जुळते, कारण कल्की अजून यायचा आहे आणि इमाम आत्ताही आहेत. दुसरी अंतर्यामीची: आतून चालवणारा. हीही अर्धीच, कारण अंतर्यामी म्हणजे परमेश्वरच, आणि इमाम ईश्वर नाहीत. ते त्याचे दास आहेत, याबद्दल बारा इमामी परंपरा फार काटेकोर आहे. इमामांना देव मानणाऱ्यांना तिने पहिल्यापासून ‘गुलात’, म्हणजे हद्द ओलांडणारे, म्हणून बाहेर काढलं.

चुकतं कुठे

चूक दोन बाजूंनी होते, आणि दोन्हींचं मूळ एकच: आतला आणि बाहेरचा इमाम एकमेकांपासून तोडणं.

पहिली चूक म्हणजे ‘मला आतून आदेश आला, आता माझं ऐका’. मोठी गैबत सुरू व्हायच्याही आधी याची चुणूक दिसली. शलमगानी हे तिसरे नायब हुसैन बिन रूह यांचे निकटचे विद्वान सहकारी. पुढे त्यांनी स्वतःसाठीच दावे सुरू केले. इमामांकडून त्यांच्या निषेधाचं पत्र निघालं आणि इ.स. ९३४ मध्ये बगदादला खलिफाने त्यांना देहदंड दिला. पण प्रश्न उरला पुस्तकांचा. लोक हुसैन बिन रूह यांना म्हणाले, आमची घरं त्यांच्या पुस्तकांनी भरली आहेत, काय करू? उत्तर आलं: त्यांनी इमामांकडून ऐकून जे नोंदवलं ते घ्या, स्वतःच्या मताने जे सांगितलं ते सोडा. इतक्या शांतपणे, इतक्या व्यवहारी पद्धतीने चाळण लावली गेली.

समरींच्या पत्रातली तिसरी सूचना इथे कामाला येते. बऱ्याच उलेमांच्या मते तिचा रोख इमामांच्या दर्शनाच्या आडून नायबपदाचा, अधिकाराचा दावा करणाऱ्यांवर आहे. म्हणूनच मुकद्दस अर्दबिली (सोळावं शतक) किंवा नजफचे बहरुल उलूम (अठरावं शतक) यांच्यासारख्या मोठ्या लोकांच्या भेटीच्या हकिकती परंपरेने जपल्या, पण त्यांतून कोणाला आज्ञा देण्याचा हक्क मिळाला नाही. अशा बऱ्याच हकिकतींत भेटलेल्याला ओळख पटते ती पाहुणा निघून गेल्यावरच.

एकोणिसाव्या शतकात हा ताण पुन्हा वर आला. शेख अहमद अहसाई (१७५३–१८२६) यांच्या शेखी पंथाने सूक्ष्म जगातल्या इमामांवर फार भर दिला, आणि इमाम व लोक यांच्या मधे एक परिपूर्ण शिया असलाच पाहिजे असं त्यांच्यापैकी काहींनी मांडलं. गैबतीला चांद्र वर्षांनी बरोबर १००० वर्षं झाली तेव्हा, हिजरी १२६० म्हणजे १८४४ मध्ये, शिराजचे सय्यद अली मुहंमद यांनी आपण ‘बाब’, म्हणजे दरवाजा, असल्याचं जाहीर केलं. बारा इमामी उलेमांनी ते नाकारलं. १८५० मध्ये तबरीजला त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. बाबी आणि पुढे बहाई धर्म त्यातून उभा राहिला, आणि त्यांची श्रद्धा अर्थातच वेगळं सांगते. आपल्या विषयापुरतं एवढंच की ‘आतला दरवाजा’ कोणा एका माणसाकडे आहे असं ठरलं की तो मुद्दा आतला राहत नाही.

दुसरी चूक शांतपणे होते. मनाला जे बरं वाटेल त्यालाच ‘इमामांचा इशारा’ म्हणायचं. ही ओळखायला जड, कारण कोणी दावा करत नाही, कोणाचं नुकसान दिसत नाही. त्यावर परंपरेत साध्या कसोट्या आहेत. आतून आलेली गोष्ट कुराण आणि इमामांच्या सिद्ध वचनांच्या विरोधात जाते का? नमाज, रोजा, कर्ज फेडणं, दिलेला शब्द पाळणं यांतून ती सूट देते का? ती ऐकून माणूस नम्र होतो की स्वतःला निवडलेला समजू लागतो? आणि व्यवहारातला नियम विचारायचा असेल तर आतल्या आवाजाकडे न जाता जाणकार फकीहकडेच, म्हणजे धर्मकायद्याच्या पंडिताकडेच, जायचं. इसहाक बिन याकूब यांना आलेल्या पत्रात तसं स्पष्ट आहे: नव्या घटनांबाबत आमची वचनं सांगणाऱ्यांकडे जा. सूर्याची उपमा आणि ही सूचना दोन्ही एकाच पत्रात आहेत, हे फार बोलकं आहे.

दख्खन आणि मुंबई

सगळे शिया बाराव्या इमामांना मानतात असं नाही. मुंबईत तीन परंपरा काही मैलांच्या आत नांदतात. भेंडीबाजाराजवळची निळ्या फरशांची इराणी मशीद, जिला लोक मुघल मशीद म्हणतात, बारा इमामींची. ती १८६० ची. तिथून जवळच दाऊदी बोहरांचा रौदत ताहेरा हा मकबरा आहे. बोहरांचे गुप्त इमाम वेगळे: कैरोचे फातिमी खलिफा आमिर यांची ११३० मध्ये हत्या झाली, तेव्हा त्यांचे तान्हे पुत्र तैयब यांना दृष्टीआड ठेवलं गेलं. बोहरा श्रद्धेनुसार एकच इमाम शतकानुशतकं जगत नाहीत. पित्यानंतर पुत्र अशी इमामांची परंपरा पडद्याआड चालू आहे आणि त्यांच्या वतीने ‘दाई’, म्हणजे त्यांचे प्रतिनिधी धर्मगुरू, उघडपणे समाजाला मार्ग दाखवतात. निजारी इस्माइली पंथाच्या खोजांसाठी तर इमाम आगा खान ‘हाजिर’, म्हणजे समोरच, आहेत. तरी देहाने हजर असलेल्या इमामांच्या आतला प्रकाश ओळखणं ही साधना तिथेही आहेच. यावरून एवढं दिसतं की इमाम दिसतात की नाही यावर बातिनचा प्रश्न अवलंबून नाही.

अहमदनगरची, आजच्या अहिल्यानगरची, हकीकत याहून चकित करणारी आहे. शाह ताहिर हे इराणमधून जीव वाचवून आलेले विद्वान १५२२ मध्ये तिथे पोचले. बुऱ्हाण निजामशहाचा मुलगा अब्दुल कादिर आजारी असताना शाह ताहिरांनी बारा इमामांना नवस बोलायला सांगितलं, मुलगा बरा झाला, अशी कथा इतिहासकार फरिश्ता देतो. १५३७ मध्ये निजामशहाने शिया पंथ राज्याचा पंथ केला आणि खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या नमाजेच्या प्रवचनात, बारा इमामांची नावं वाचली जाऊ लागली. पण शाह ताहिर स्वतः निजारी इस्माइलींच्या मुहंमदशाही शाखेचे इमाम होते आणि धर्मच्छळ टाळण्यासाठी बारा इमामी म्हणून वावरत होते, असं आजचे इतिहासकार दाखवतात. नगरच्या दरबारात रोज ज्यांना लोक पाहत होते, ते एका परंपरेचे इमाम होते.

रोजचा आचार

आतल्या इमामाची वाट पाहणं म्हणजे प्रत्यक्षात करायचं काय? सहाव्या इमामांनी फुजैल बिन यसार यांना सांगितलं: आपल्या इमामांना ओळख, ओळखलंस तर ते लवकर प्रकटले काय आणि उशिरा काय, तुझं काही बिघडत नाही. म्हणून पहिली पायरी ओळखीची. गैबतीत काय म्हणावं असं त्यांचेच शिष्य जुरारा यांनी विचारलं तेव्हा त्यांना एक छोटी दुआ शिकवली गेली. तिचा क्रम पाहा: हे ईश्वरा, तुझी ओळख दे, ती दिली नाहीस तर तुझ्या पैगंबरांची ओळख पटणार नाही, पैगंबरांची ओळख दे, नाही तर तुझ्या हुज्जतीची पटणार नाही, हुज्जतीची ओळख दे, नाही तर मी धर्मापासून भरकटेन. इमाम तिसऱ्या पायरीवर आहेत. थेट तिसरीवर उडी मारणारे बहुतेक वेळा वर सांगितलेल्या पहिल्या चुकीत जातात.

दुसरी म्हणजे दुआ-ए-अहद, कराराची दुआ. पहाटेच्या नमाजेनंतर, सलग ४० सकाळी. जो असं करील तो इमामांच्या सहायकांत गणला जाईल, आणि आधीच मेला तर त्याला कबरीतून उठवलं जाईल, असं वचन आहे. ‘आज सकाळी आणि माझ्या आयुष्यात जितके दिवस जगेन तितके’ असा शब्द देऊन करार नवा केला जातो. शेवटी उजव्या मांडीवर हाताने तीनदा थाप मारून प्रत्येक वेळी म्हणायचं, ‘लवकर या, लवकर या, हे माझ्या स्वामी, हे काळाच्या धनी.’ लोक बहुधा आठव्या-दहाव्या दिवशी अडखळतात, कारण शब्द पाठ होतात आणि जीभ एकटीच चालू लागते. रोज ‘करार’ या एका शब्दाशी थांबून काल दिलेला कोणता शब्द मोडला ते आठवून पाहिलं तर दुआ जिवंत राहते.

शुक्रवारी सकाळी दुआ-ए-नुदबा म्हणतात. नुदबा म्हणजे विलाप. ‘कुठे आहेत’ हा शब्द तीत पुन्हा पुन्हा येतो, ऐकताना जीव गलबलतो. आणि मधेच दोन ओळी येतात: माझा जीव ओवाळून टाकीन, तुम्ही असे गुप्त आहात की आमच्यातून गेलेला नाहीत, तुम्ही असे दूर आहात की आमच्यापासून दुरावलेला नाहीत. गैबत म्हणजे गैरहजेरी नव्हे, हे इतक्या कमी शब्दांत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आणि मग अरीजा. हिजरी पंचांगातल्या शाबान महिन्याची १५ तारीख हा इमामांचा जन्मदिवस. भारतीय उपखंडात त्या रात्री घरोघरी, अनेकदा केशराच्या शाईने, इमामांना अर्ज लिहितात. नेहमीचा मजकूर ‘मी लिहीत आहे, माझ्या स्वामी, तुमची मदत मागत’ असा सुरू होतो. खाली आपली गरज लिहायची. कागदाची घडी घालून ती स्वच्छ मातीच्या किंवा कणकेच्या गोळ्यात बंद करतात आणि पहाटे वाहत्या पाण्यात, समुद्रात किंवा खोल विहिरीत सोडतात. सोडण्याआधी चार नायबांपैकी एकाला, आपल्याकडे बहुधा हुसैन बिन रूह यांना, नावाने हाक मारतात: तुम्ही ईश्वराजवळ जिवंत आहात अशी मी साक्ष देतो, तुम्ही विश्वासू आहात, हे माझं पत्र आपल्या स्वामींना पोचवा. हुसैन बिन रूह बगदादला ९३८ साली वारले. त्यांच्या नावाची टपाल अजून सुरू आहे, आणि कणकेचा गोळा पाण्यात बुडताना काठावरची माणसं उभी राहून डोक्यावर हात ठेवतात.